जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बदल: ‘किती दिवस लागतील?’ याला काय उत्तर द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमची बिलिंगची सिस्टिम २००४ सालची आहे, व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर. ती लिहिणाऱ्यांपैकी आता कंपनीत कुणीच नाही. मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर विचारतात, किती दिवस? मी दहा म्हणालो की ते चार लिहून घेतात, प्रत्यक्षात पंधरा लागतात आणि ठपका माझ्यावर येतो. आता एका बिलावर एकाऐवजी अनेक डिलिव्हरी पत्ते हवे आहेत आणि ‘आठवड्यात कर’ असं सांगितलंय. जास्त दिवस सांगितले की ‘तुला सिस्टिम कळलेली नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. अंदाज द्यायचा तरी कसा?”

मी १९९८ साली पुण्यात नोकरीला लागले ती वायटूकेच्या, म्हणजे २००० साल येताना दोन आकडी वर्षांमुळे सिस्टिम बिघडू नयेत याच्या कामावर, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत. तेव्हापासून बहुतेक वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्येच गेली. तुम्ही लिहिलेला प्रसंग मी मेजाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलाय, कारण मधली काही वर्षं मीही मॅनेजर होते आणि इतरांच्या दहाचे सहा केलेले आहेत. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, थोडी कडू. मॅनेजरांचे चार दिवस चुकले तसे तुमचे दहाही चुकलेच होते. लागले पंधरा. नुसता दबाव कारण असता तर तुमचा आकडा बरोबर यायला हवा होता. तो आला नाही, कारण बहुधा तुम्ही बदल लिहायला किती वेळ लागेल हे मोजलंत. आपण सगळेच हे करतो. जुन्या सिस्टिममध्ये लिहिण्याचं काम लहान असतं. तो बदल कुठे कुठे जाऊन पोचतो हे शोधायला आणि तो पोचल्यावर जुनं काही बिघडलं नाही याची खात्री करायला वेळ जातो. अंदाज त्याचा करायचा असतो.

माझाच एक अनुभव सांगते. २०१७ सालचा मे महिना. भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना, त्यांची बिलिंग सिस्टिम तुमच्यासारखीच, व्हीबी ६ची. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. नव्या नियमांत बिलाचा नंबर जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा असं होतं. अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालणार होती. कारखान्याच्या दोन डेपोंना वेगळी मालिका हवी होती, म्हणून ‘पीएन/१७१८/००१२३’ अशा धर्तीचा नंबर ठरला. डेटाबेसमध्ये बिलाचा नंबर होता साधा पूर्णांक. आमचे मॅनेजर म्हणाले, “एका कॉलमचा टाइप बदलायचाय, अर्ध्या दिवसाचं काम.” मी थोडा विचार करून चार दिवस सांगितले आणि मनात म्हटलं, भरपूर वेळ मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोडमध्ये त्या कॉलमचं नाव शोधत बसले. पुढचा नंबर काढायची पद्धत होती ‘सगळ्यात मोठा नंबर अधिक एक’. कॉलम टेक्स्टचा केला की ‘९’ हा ‘१०’पेक्षा मोठा ठरतो, म्हणजे ती पद्धत बाद. क्रिस्टल रिपोर्ट या बिल छापायच्या साधनात नंबरासाठी सहा अक्षरांची जागा, आणि तीही आधीच छापून घेतलेल्या स्टेशनरीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने नेमकी बसवलेली. गेटपासचं वेगळं छोटं सॉफ्टवेअर थेट आमच्याच टेबलातून बिल वाचत होतं, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) कुणाकडेच नव्हता. मोठ्या ग्राहकाला रोज एक टेक्स्ट फाइल जायची, तिच्यात अकराव्या ते सोळाव्या अक्षरापर्यंत बिल नंबर. ती फाइल वाचणारी माणसं दुसऱ्या कंपनीतली. त्यांच्याकडचा बदल कधी होईल हे माझ्या हातात कसं असणार?

तरीही हे सगळं शोधून सापडणारं होतं. जे सापडत नव्हतं ते मला अकाउंट्समधल्या मॅडमनी सांगितलं. त्यांच्या टेबलाशी चहा घेता घेता मी सहज विचारलं, “माल परत आला तर त्याचं बिल कसं शोधता?” त्या म्हणाल्या, “उणे टाकायचं आणि नंबर.” मला कळेना. त्यांनी स्क्रीनवर टाइप करून दाखवलं: ‘-४५१२’. बिल क्रमांक ४५१२चा माल परत आला की त्याची नोंद उणे ४५१२ या नंबरावर होत होती. कोडमध्ये जागोजागी ‘नंबर शून्यापेक्षा लहान असेल तर’ अशी अट होती, पण प्रत्येक ठिकाणी व्हेरिएबलचं नाव वेगळं, त्यामुळे कॉलमचं नाव शोधून ती हाती लागलीच नव्हती. टेक्स्टला उणे कुठून असणार? मॅडम अकरा वर्षं हे करत होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मॅनेजरांना म्हणाले, “सर, चार दिवसांचा अंदाज मी मागे घेते.” हे वाक्य दुसऱ्याच दिवशी बोलता आलं, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. चौथ्या दिवशी बोलले असते तर त्यांच्या हातात रागावण्यापलीकडे काही उरलं नसतं.

मग आम्ही बसून वेगळा विचार केला. जुना पूर्णांक नंबर आत तसाच ठेवला. त्याच्या शेजारी ‘छापील नंबर’ नावाचा नवा कॉलम घातला. बिलावर छापताना आणि जीएसटी विवरणपत्राच्या फाइलमध्ये तेवढा तो वापरायचा. गेटपास, ग्राहकाची फाइल, मॅडमचं उणे, सगळं जुन्या नंबरावर चालू राहिलं. याला नऊ दिवस लागले आणि १ जुलैला सकाळी पहिलं बिल नीट छापलं गेलं. हा उपाय देखणा नव्हता. दोन नंबर सांभाळायचं ओझं त्या सिस्टिमवर कायमचं आलं आणि तेही मी तेव्हाच लेखी कळवलं होतं. पण तारखेत बसणारा आणि कुणाचं नुकसान न करणारा उपाय तोच होता.

आता तुमच्या मीटिंगकडे येते. सगळ्यांसमोर ‘किती दिवस?’ विचारलं की आकडा देऊ नका, आकडा कधी देणार ते सांगा. “उद्या संध्याकाळी चारला सांगतो, त्याआधी दिवसभर मला कोड बघू दे.” याला बहुतेक मॅनेजर नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही वर सांगायला काहीतरी मिळतं. फारच आग्रह झाला तर मागच्या कामाचा दाखला द्या: “फेब्रुवारीत ट्रान्सपोर्टरचं नाव बिलावर आणलं, त्याला अकरा दिवस लागले होते. हा बदल त्याहून लहान नाही.” घडलेल्या कामाचा आकडा खोडणं जड जातं. मनातला आकडा कुणीही खोडतं.

यासाठी एक वही ठेवा. मी २००३पासून ठेवते: काम काय, किती दिवस सांगितले, किती लागले, फरक का पडला. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीत कोड लिहिण्याचे अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघतात. चुकतात ते चाचणीचा डेटा मिळवणं, जुन्या-नव्या रिपोर्टची तुलना, दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट आणि ‘हे असं का लिहिलंय’ याचा शोध. वर्षभरात तुमची वहीही तुमच्या सिस्टिमबद्दल असंच काही सांगायला लागेल, आणि ते मी सांगितलेल्यापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं असेल.

मागून घेतलेल्या त्या एका दिवसात काय करायचं? सगळ्यात आधी, काहीही न बदलता सोर्स कोडमधून एक्झी (प्रत्यक्ष चालणारी प्रोग्रॅम फाइल) तयार करून बघा. हसू नका, खरंच करा. व्हीबी ६च्या डेव्हलपमेंट साधनाचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट ८ एप्रिल २००८ला संपला. त्यानंतर अनेक ऑफिसांत ते एखाद्याच जुन्या कॉम्प्युटरवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर नीट चालतं, कारण लागणारे ओसीएक्स कंट्रोल (स्क्रीनचे तयार सुटे भाग) तिथेच रजिस्टर केलेले असतात. एक्झी बनली तर ती आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या वापरात, चालणारी यांत एकच बिल काढून बघा. फरक आला तर तुमच्याकडचा सोर्स चालू असलेल्या सिस्टिमचा नाही. कुणीतरी घाईत स्वतःच्या मशीनवरून बदल करून तो चढवलाय आणि कोड जमा केलेला नाही. असं झालं असेल तर पत्त्यांचा बदल बाजूला राहिला, आधी खरा सोर्स शोधायचाय. हे पहिल्या दिवशी कळणं आणि नवव्या दिवशी कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग कॉलमचं नाव फॉर्म्स, स्टोअर्ड प्रोसिजर आणि ट्रिगर (डेटाबेसमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्रॅम), रिपोर्ट, रात्री आपोआप चालणारे जॉब या सगळ्यांत शोधा. युजरच्या मशीनवरच्या एक्सेल फाइली विसरू नका. त्या थेट डेटाबेसला जोडलेल्या असतात आणि आयटीतल्या कुणालाही त्या माहीत नसतात. शेवटी अर्धा तास त्या स्क्रीनवर रोज काम करणाऱ्या माणसाशेजारी बसा. “हे कसं चालतं?” असं विचारू नका, ते पुस्तकातलं उत्तर देतात. “कालचं एखादं अडचणीचं बिल दाखवा,” म्हणा. अशा बिलात सिस्टिमचे सगळे छुपे नियम बाहेर पडतात.

आणि वापरात नसलेला कोड दिसला की ‘मेलेलाच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहार करणारी मोठी फर्म होती. १ ऑगस्ट २०१२ला न्यूयॉर्क शेअर बाजारात नवी योजना सुरू होणार होती, म्हणजे तारीख ठरलेली. त्यासाठीच्या नव्या कोडमध्ये त्यांनी एक जुना फ्लॅग (फंक्शन चालू-बंद करायची खूण) पुन्हा वापरला. तो फ्लॅग पूर्वी ज्या फंक्शनसाठी होता ते २००३पासून वापरात नव्हतं, पण काढूनही टाकलेलं नव्हतं. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहिला. बाजार उघडल्यावर त्या आठव्या सर्व्हरवर जुनं फंक्शन जागं झालं आणि ऑर्डरींमागून ऑर्डरी पाठवत सुटलं. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं. ‘हा कोड वापरात नाही’ हे तपासायला जो एखादा दिवस लागतो तो मी तेव्हापासून अंदाजात नावानिशी धरते.

दुसऱ्या दिवशी आकडा सांगताना एकच आकडा सांगू नका. एक आकडा सांगितला की तो कबुली म्हणून ऐकला जातो. पल्ला सांगा, आणि सांगताना मोठा आकडा आधी घ्या. “सहा ते चौदा दिवस” म्हटलंत तर समोरच्याच्या वहीत सहा उतरतात, मी स्वतः तसे उतरवून घेतलेत. “चौदा दिवस धरा. गेटपासचं सॉफ्टवेअर पत्ता वाचत नाही असं निघालं तर चार कमी होतील, ते मला बुधवारपर्यंत कळेल,” असं म्हणा. यात पल्ला आहे, त्याचं कारण आहे, आणि पल्ला कधी आकुंचन पावेल तेही आहे. तीन आकडे घेऊन सरासरी काढायचं सूत्र तुम्हाला शिकवलं असेल, आशावादी, संभाव्य आणि निराशावादी. १९५८च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून ते आलं. मी ते वापरत नाही. उणे ४५१२ माहीत नसताना मी निराशावादी आकडा म्हणून सहा लिहिले असते, आणि सूत्राने त्याला दशांश चिन्हासकट प्रतिष्ठा दिली असती.

छुपे दिवस मिसळू नका. दहा लागतील असं वाटत असताना ‘कापणारच आहेत’ म्हणून वीस सांगायचे, ते बारा करणार, असा हिशोब मी पुष्कळांना करताना पाहिलाय. एकदा ते उघडं पडलं की तुमचा प्रत्येक आकडा अर्धा केला जातो, खरा असलेलाही. राखीव वेळ हवा असेल तर तो नाव देऊन मागा: “तीन दिवस रिपोर्टच्या तुलनेसाठी.”

आता मंडईतल्यासारखी घासाघीस होते तेव्हा. “दहा? सहा कर की.” इथे भले भले गप्प बसतात, आणि गप्प बसणं म्हणजे होकार समजला जातो. तुम्ही शांतपणे म्हणा, “दहा दिवसांत हे पाच भाग आहेत. सहा हवे असतील तर यातला कोणता भाग या वेळी नको?” कागद समोर ठेवा. आकडा कमी होऊ शकतो, पण त्याच्यासोबत काम कमी झालंच पाहिजे. नुसता आकडा कमी होऊ देऊ नका. आणि काय काढता येईल याची तयारी आधीच करून जा, कारण तुम्ही सुचवलं नाही तर ते म्हणतील, “टेस्टिंग नंतर बघू.”

ते मात्र मान्य करू नका. याची किंमत मी पाहिलीय. एका जुन्या नोकरीत माझ्या टीममध्ये एक मुलगा होता, हुशार आणि कुणालाही नाही म्हणू न शकणारा. बिलाच्या बेरजेचा हिशोब स्क्रीनवरच्या कोडमधून काढून स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये न्यायचा होता, म्हणजे डेपोंनाही तोच वापरता आला असता. त्याने आठ दिवस सांगितले, त्याच्याकडून दिवाळीच्या आधीचे तीन कबूल करून घेतले गेले. एका महिन्याची सगळी बिलं जुन्या आणि नव्या पद्धतीने काढून ताडून बघायची होती, ते वगळलं. वीस बिलं हाताने तपासली, वीसही जुळली. धनत्रयोदशीला रात्री रिलीज झाला.

व्हीबी ६चं ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५०चे २ होतात, ३.५०चे ४. एसक्यूएल सर्व्हरचं ‘राउंड’ २.५०चे ३ करतं. दोघांचं नाव एकच. म्हणजे ज्या बिलाची बेरीज नेमकी पन्नास पैशांवर संपते आणि रुपयांचा आकडा सम आहे, तेवढ्याच बिलांत एक रुपयाचा फरक. त्या वीस बिलांत असं एकही नव्हतं. नंतरच्या दिवसांत किती तरी निघाली, डेपोच्या आणि मुख्य ऑफिसच्या खतावण्या जुळेनात, आणि अकाउंट्सच्या माणसांनी भाऊबीजेपर्यंत बसून रुपया रुपया शोधला. तो मुलगा त्या वर्षी घरी गेलाच नाही. काही महिन्यांनी त्याने ही लाइनच सोडली. एका महिन्याच्या बिलांची तुलना करायला दोन दिवस लागले असते. ते दोन दिवस त्याला मिळवून देणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. तेव्हापासून जुनं-नवं ताडून बघण्याचे दिवस मी कुणाच्याही अंदाजातून काढू देत नाही.

मग काढायचं काय? महिन्यातून तीनदा घडणारी गोष्ट तूर्तास हाताने करता येते. छान दिसणारी स्क्रीन पुढच्या रिलीजला जाऊ शकते. जुन्या नोंदींचं रूपांतर टाळून नव्या नोंदींपुरताच बदल ठेवता येतो. वायटूकेच्या वेळी आम्ही हेच केलं. तारीख हलणार नव्हती, ३१ डिसेंबर १९९९ काही जानेवारीत ढकलता येत नाही. वर्षाचे दोन आकडे चार करायचे तर प्रत्येक फाइल आणि प्रत्येक प्रोग्रॅम हलला असता. म्हणून अनेक सिस्टिममध्ये दोनच आकडे ठेवून एक सीमा ठरवली: समजा ५०च्या आतलं वर्ष दोन हजारांतलं, ५० आणि पुढचं एकोणीसशेतलं. काम कितीतरी पटीने कमी झालं. पुढे कधीतरी ती सीमा येणार हे माहीत असूनही घेतलेला तो निर्णय होता, आणि लिहून ठेवलेला होता. दबावाखाली छाटायचं असेल तर असं छाटावं.

तारखेबद्दलही विचारा: ही तारीख आली कुठून? कायद्याची तारीख असेल तर ती कायद्याने नेमकी कशासाठी लावलीय ते बघा. जीएसटीच्या वेळी सगळे ‘३० जूनच्या आत सगळं’ म्हणत होते. प्रत्यक्षात १ जुलैला हवं होतं ते नव्या नियमांचं बिल. जुलैचा पहिला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं कराचं विवरणपत्र, ऑगस्टच्या उत्तरार्धात भरायचा होता. एवढं लक्षात आल्यावर आमचं निम्मं काम सहा-सात आठवडे पुढे गेलं आणि सगळ्यांना झोप लागली. करारातली तारीख असेल तर ग्राहकाला त्या दिवशी काय दिसायला हवं ते विचारा. आणि बऱ्याचदा असं निघतं की तारीख कुणीतरी वर सहज बोलून गेलेलं असतं. ती हलते, फक्त कुणीतरी विचारायला हवं. मॅनेजरही वरून आलेला दबाव खाली देत असतात. त्यांना वर जाऊन सांगण्यासारखं कारण तुम्ही हातात दिलंत तर बरेच जण ते घेऊन जातात.

“दोन माणसं जास्त देतो” या प्रस्तावाला जपून. नवा माणूस या कोडमध्ये आला की पहिले आठ दिवस तो तुमचाच वेळ घेतो. मी अशा वेळी म्हणते, “माणसं नकोत, अकाउंट्समधल्या मॅडमचे रोज दोन तास द्या.” ते मिळालं तर खरोखर दिवस वाचतात.

तुम्ही दहा म्हणालात आणि नोंदीत चार आले, तर त्याच दिवशी मेल करा. लांबलचक नको, सूर तक्रारीचा नको. साधारण असं लिहा: “सर, मीटिंगच्या नोंदीत ४ दिवस आले आहेत. माझा अंदाज १० ते १४ दिवसांचा आहे, कारणं सोबतच्या कागदात आहेत. ४ दिवसांत मी बिलावर दोन पत्ते छापून देऊ शकतो; गेटपास आणि रिपोर्ट त्यात येणार नाहीत. तसं चालेल का ते कळवावं.” उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. मेल टाकून मोकळं व्हायचं आणि शेवटी तो पुरावा म्हणून काढायचा, याने भांडण जिंकता येतं पण काम बुडतं.

‘तुला सिस्टिम कळलेली नाही’ याला तोंडी उत्तर देऊ नका. मॅनेजरांना अर्धा तास शेजारी बसवा आणि शोधाचा निकाल स्क्रीनवर दाखवा: हा कॉलम इथे आहे, इथे आहे, या जॉबमध्ये आहे, या फाइलमध्ये आहे. मी २०१७ला हेच केलं. सर पंधरा मिनिटांत गप्प झाले आणि मग म्हणाले, “आधी का नाही दाखवलंस?” रास्त प्रश्न होता. अंदाज कळवताना मी कामाचा पसारा तोवर कधी दाखवलाच नव्हता, नुसता आकडा सांगत होते.

राहिला तुमचा अनेक पत्त्यांचा बदल. आठवड्यात होणार नाही असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण कोडच्या आधी करात आहे. माल कुठे जातोय आणि बिल कुणाच्या नावाने आहे यावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात) लागणार की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यात) हे ठरतं. एका बिलावर आज एकच पत्ता आहे, म्हणून तुमच्या सिस्टिममध्ये कराचा प्रकार बिलाच्या पातळीवर ठरत असण्याची दाट शक्यता आहे. त्याच बिलात एक पत्ता चाकणचा आणि एक बेळगावचा आला तर काय करायचं, हे सीएंना विचारल्याशिवाय तुम्ही किंवा मॅनेजर दोघंही ठरवू शकत नाही. ई-वे बिलाचंही (माल वाहून नेताना लागणाऱ्या कागदाचंही) तेच: मोठ्या रकमेचा माल दोन गाड्यांतून दोन ठिकाणी गेला तर कागद कसे काढायचे ते डिस्पॅचवाल्यांना विचारा. कदाचित सीए म्हणतील की प्रत्येक पत्त्याचं बिल वेगळंच काढा. मग तुमचं काम एवढंच उरेल की एका ऑर्डरवरून एका क्लिकमध्ये तीन बिलं निघावीत, आणि टेबलांना हातही लावावा लागणार नाही. सोमवारी मॅनेजरांकडे जाताना दिवसांचा आकडा नेऊ नका. चाकण-बेळगावचा हा प्रश्न एका कागदावर लिहून न्या आणि सीएंची वेळ मागा. ते उत्तर आलं की त्याच दिवशी कोड उघडून शोधायला बसा. गेटपाससारखं काही निघालं तर मला पुन्हा लिहा, आकडा मिळून काढू.